उजेड वर, माणसं खाली

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात हवेतले जंतू मारायला छताजवळ यूव्हीचे, म्हणजे अतिनील किरणांचे, दिवे लावले, त्याची ही गोष्ट. दवाखान्यात दोनच खोल्या आहेत. आतली चेअरची, बाहेरची वेटिंगची. इमारत जुनी, स्लॅब दहा फुटांवर. पण आधीच्या भाडेकरूने हौसेने पीओपीचं खोटं छत करून घेतलेलं, त्यामुळे डोक्यावर जेमतेम आठ फूट उरलेले. गल्लीतली धूळ आणि हॉर्न नकोत म्हणून खिडकी बंद आणि स्प्लिट एसी चालू. माझ्या ओळखीतले बहुतेक डेंटल दवाखाने असेच चालतात. पेशंटला गारवा मिळाला की त्याला वाटतं, हवा छान आहे. खरं तर स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही. खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो, म्हणजे आधीच्या पेशंटने सोडलेला श्वास पुढच्याला गार करून मिळतो.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. अंगाशी आलं ते एका रूट कॅनॉलच्या पेशंटमुळे. खोकला होता, पण धुळीचा आहे म्हणायचा. दोन सिटिंग झाली, तिसऱ्याला तो आलाच नाही. फोन केला तर बायको म्हणाली, फुफ्फुसाचा टीबी निघालाय, गोळ्या चालू केल्यात. मी आणि माझी असिस्टंट, दोघींनी छातीचे एक्स-रे काढले. काही निघालं नाही. पण त्याच्याबरोबर त्या दोन्ही दिवशी वेटिंगमध्ये कोण कोण बसलं होतं, हे अपॉइंटमेंटच्या वहीत बघताना मला घाम फुटला. त्यात एक सहा महिन्यांची गरोदर बाई होती.

करोनाच्या वेळी आम्ही सगळ्यांनीच बरंच काही केलं होतं. एन-95, फेस शील्ड, जोरदार सक्शन, रबर डॅम (दाताभोवती ताणायचं रबर), आधी चूळ. यातलं बरंच अजून चालू आहे आणि ते सोडायचं नाहीच. एअरोटर (दात कोरायचं यंत्र) मिनिटाला तीन-चार लाख फेरे फिरतो, स्केलरचं (दात साफ करायच्या यंत्राचं) टोक पाण्याचा नुसता फवारा करतं. तो फवारा तोंडाशीच ओढून घेणं हे पहिलं काम. त्याला कुठल्याही दिव्याचा पर्याय नाही. पण सक्शन माझ्या हातात फक्त काम चालू असताना असतं. वेटिंगमध्ये खोकणाऱ्या माणसाच्या तोंडाशी सक्शन कोण धरणार? शिंतोडे खाली पडतात, टीबीचे जंतू ज्या बारीक कणांवर बसून फिरतात ते पडत नाहीत. तासन्‌तास तरंगतात, आणि माणूस निघून गेल्यावरही खोलीतच असतात.

म्हणून यूव्हीकडे वळले. आणि वळल्या वळल्या दारात विक्रेते. एकाने पांढरा डबा आणला, भिंतीतल्या प्लगला लावायचा, आत निळं काहीतरी चमकतं. हवा किती ओढतो, असं विचारलं तर म्हणाला, "मॅडम, हॉस्पिटल ग्रेड आहे." तीनदा विचारलं, तीनदा तेच. दुसऱ्याने चाकांच्या स्टँडवर उघडी नळी आणली. खोली रिकामी करायची, दार लावायचं, अर्धा तास चालवायची. ही नळी खोटी नाही. तिच्या समोर जे येतं त्यातले जंतू ती मारते. पण माझा प्रश्न माणसं खोलीत असतानाचा. पेशंट खोकतो तेव्हा ही नळी बंद, आणि पेशंट गेल्यावर चालू! रात्री रिकाम्या खोलीत लावून मला काय साधणार होतं?

आम्हा डेंटिस्ट लोकांचा यूव्हीशी संबंध जुना आहे, पण तो चेंबरशी. कोपऱ्यात ठेवलेली ती पेटी, ट्रेमध्ये आरसे-प्रोब मांडलेले, निळा उजेड. पेशंटला ती फार आवडते. त्या पेटीत हत्यारं निर्जंतुक होत नाहीत. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाच्या वाफेच्या यंत्रातून, निर्जंतुक होऊन आलेली तिथे ठेवायची, एवढंच. ट्रेला टेकलेल्या बाजूवर, बिजागरीच्या फटीत, जिथे सावली तिथे या किरणांचं काहीच चालत नाही. हवेचं बरं असतं. हवेतल्या कणाला सावलीत लपायला जागा नसते, तो आज ना उद्या उजेडासमोर येतो. येतो, म्हणजे आणला तर येतो. त्यावर पुढे.

उजेडाने जंतू मरतात हे नवीन नाही. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केले म्हणून नील्स फिन्सेनला 1903 साली नोबेल मिळालं होतं. सूर्याकडून येणारा यूव्ही-सी, म्हणजे यूव्हीतला आखूड लहरींचा भाग, वर ओझोनच्या थरात अडतो. आपण तो पाऱ्याच्या नळीतून काढतो, 254 नॅनोमीटरचा. जंतूचा डीएनए हा उजेड शोषतो, त्यातल्या शेजारशेजारच्या थायमिन नावाच्या घटकांच्या जोड्या एकमेकींना चिकटतात, आणि मग त्याला स्वतःची नक्कल काढता येत नाही. वाढायचं थांबलं की आपल्या दृष्टीने तो मेलाच.

मला पटवलं ते गिनीपिगांनी. 1950च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका हॉस्पिटलात संशोधक रिचर्ड रायली यांनी टीबीच्या सहा खाटांच्या वॉर्डातली हवा नळाने वरच्या मजल्यावर गिनीपिगांच्या पिंजऱ्यांकडे नेली. रोग्याचा आणि त्या जनावरांचा दुसरा काही संबंध नाही, फक्त हवा. गिनीपिगांना टीबी झाला. मग दोन पिंजरे केले. एकाच्या नळात यूव्ही लावला, दुसऱ्याच्या नाही. यूव्हीतून गेलेली हवा घेणाऱ्यांना टीबी झाला नाही. टीबी हवेतून पसरतो याचा इतका सरळ पुरावा मी शिकताना कुणी सांगितला नव्हता. आम्हाला नुसतं 'ड्रॉपलेट' म्हणून पुढे गेले.

रायली यांचे गुरू विल्यम वेल्स. त्यांनी याआधीच फिलाडेल्फियाच्या परिसरात शाळांच्या वर्गांत वरच्या बाजूला यूव्ही लावला होता. 1941च्या गोवराच्या साथीत त्या वर्गांत गोवर कमी पसरला. नंतर न्यूयॉर्क राज्यातल्या खेड्यांतल्या शाळांत तसंच करून पाहिलं तर तितका फरक दिसला नाही, कारण तिथली पोरं एकाच बसमधून दाटीवाटीने येत-जात. बसमध्ये कुठला दिवा? मला हे फसलेलं उदाहरण जास्त कामाचं वाटलं. माझ्या खोलीतल्या दिव्याचा उपयोग माझ्या खोलीपुरताच. जिन्यात थांबलेल्या माणसांचं काय, हेही बघायला पाहिजे.

आणि तिसरं लिमाचं. पेरूतलं लिमा शहर दमट हवेचं. तिथे एका वॉर्डात छताजवळ यूव्ही आणि हवा ढवळायला पंखे लावून रायलींसारखाच प्रयोग झाला, तो 2009 साली छापून आला. साधी हवा घेणाऱ्या गिनीपिगांपैकी 35 टक्क्यांना संसर्ग झाला, यूव्ही चालू असलेल्या दिवसांतली हवा घेणाऱ्यांपैकी साडेनऊ टक्क्यांना. पंखे लावून, हे महत्त्वाचं.

तर ठरलं की 'अपर रूम' पद्धत घ्यायची. फिक्श्चर, म्हणजे नळी बसवलेली दिव्याची पेटी, भिंतीवर उंच लावायचं. त्याला पुढे काळ्या पातळ पट्ट्यांची जाळी असते, एकावर एक, अगदी जवळ जवळ. त्यामुळे किरण आडवे, छताखालच्या थरातच जातात, खाली उतरत नाहीत. खालची माणसं बसलेली, बोलत असलेली. वरचा थर सतत जळत असलेला. खालची हवा वर गेली की साफ, मग खाली.

पहिलं काम पीओपी पाडण्याचं निघालं. फिक्श्चरची खालची कड जमिनीपासून किमान सात फूट हवी, आणि तिच्या वर किरणांना पसरायला मोकळी जागा हवी. आठ फुटांच्या छताखाली एक फुटाच्या पट्टीत काय होणार? घरमालक वैतागले. "डॉक्टरीण बाई, एवढं शोचं काम, पाडताय कशाला?" स्लॅब दिसायला लागल्यावर उंची दहा फूट झाली आणि खोली आहे त्याहून मोठी वाटायला लागली. तेवढ्यावर ते गप्प बसले.

जुना अंदाज असा की दर दोनशे चौरस फुटांना तीस वॅटची एक नळी. माझ्या दोन्ही खोल्या त्याच्या आत बसतात. म्हणून प्रत्येकीत एक फिक्श्चर घेतलं, तयार, जाळीसकट, पुण्याहून मागवून. जाळीचे कोन हा आपल्या हाताने करायचा खेळ नाही. उद्यमनगरच्या फॅब्रिकेटरकडून फक्त ब्रॅकेट करून घेतले आणि एक लिमिट स्विच बसवून घेतला, म्हणजे झाकण उघडलं की दिवा आपोआप बंद. नळी पुसायला चढलेल्या माणसाचं तोंड तिच्यापासून वीतभरावर असतं. स्विच नसेल तर एक दिवस कुणीतरी विसरणार.

इलेक्ट्रिशियनला पंख्याचं काही पटेना. "एसी हाय की वो, परत फॅन कशाला? बिल वाढंल." त्याला उदबत्तीने पटवलं. एसी चालू, पंखा बंद, बाकाजवळ उदबत्ती धरली. धूर उभा दोन-अडीच फूट गेला आणि एसीच्या झोताने आडवा होऊन दाराकडे वाहिला. छताकडे गेलाच नाही. मग पंखा एकवर ठेवला. धूर फाटला, पसरला, आणि भिंतीच्या कडेने वर चढताना दिसला. इलेक्ट्रिशियन थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आता हो आला लायनीवर." दिवा कितीही जोरदार असो, हवा वर गेली नाही तर तो छताला टॉर्च मारत बसतो. विक्रेत्यांपैकी एकानेही पंख्याचा विषय काढला नव्हता.

आता या सगळ्यातला खरा भाग, मोजणी. दिवा लागला हे दिसतं, पण दिसतो तो निळा उजेड पाऱ्याचा दुसराच. 254चा किरण डोळ्याला दिसत नाही. निळा छान दिसतोय म्हणून खाली सुरक्षित आहे असंही नाही आणि वर जंतू मरतायत असंही नाही. (दातात भरलेलं सिमेंट घट्ट करणाऱ्या क्युअरिंग लाइटच्या निळ्याशी याचं काही नातं नाही, माझी असिस्टंट सुरुवातीला त्याचाच नारिंगी चष्मा घालून फिरत होती.) विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मित्राकडे यूव्ही-सीचं मीटर होतं, ते घेऊन तो रविवारी आला.

मर्यादा अशी आहे: आठ तासांत दर चौरस सेंटिमीटरला 6 मिलिज्यूल. माणूस आठही तास एकाच जागी उभा आहे असं धरलं तर सेकंदाचा हिशेब साधारण 0.2 मायक्रोवॅटवर येतो. आम्ही डोळ्यांच्या उंचीला मीटर धरून खोलीभर फिरलो. बाकावर बसल्यावर, उभं राहिल्यावर, रिसेप्शनच्या खुर्चीत. माझी खास काळजी चेअरची, कारण आमचा पेशंट हा जगातला असा पेशंट आहे जो तासभर छताकडे तोंड करून पडतो. हेडरेस्टवर मीटर छताकडे तोंड करून ठेवलं. आकडा मर्यादेच्या खूप खाली. तरी त्याच्या डोळ्यांवर आपला साधा पॉलिकार्बोनेटचा गॉगल असतोच, त्यातून हे किरण जात नाहीत.

सगळीकडे ठीक, फक्त रिसेप्शनजवळ उभं राहिलं की 0.7. मित्राने मीटर वर-खाली, डावीकडे-उजवीकडे फिरवलं. किरण फिक्श्चरकडून येत नव्हते, समोरून येत होते. समोर पार्टिशन, आणि पार्टिशनच्या माथ्यावर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. अ‍ॅल्युमिनियम हे किरण आरशाहून चांगले परतवतं. आरशाची तर काचच ते खाऊन टाकते. साध्या पांढऱ्या रंगातल्या टायटॅनियम डायऑक्साइडलाही ते शोषायची सवय. पट्टीवर पांढरा ऑइलपेंट मारला, वाळल्यावर पुन्हा मोजलं, 0.1. मीटर नसतं तर माझी रिसेप्शनिस्ट रोज तिथे उभी राहिली असती आणि डोळे चुरचुरायला लागल्यावर मोबाईलला दोष देत राहिली असती.

डोळ्यांचं कोल्हापुरात कुणाला समजावावं लागत नाही. शिरोली एमआयडीसीतला एक वेल्डर दाढ दाखवायला आला. बाकावर बसल्या बसल्या वर बघितलं आणि आत आल्यावर पहिला प्रश्न दाढेचा नाही, दिव्याचा.

"डॉक्टर, ते वरचं वेल्डिंगसारखं डोळ्याला लागत न्हाई न्हवं? रातीला वाळू भरल्यागत हुतंय."

"तेच किरण आहेत. म्हणून वर लावलेत आणि जाळी आहे. बाकावरून नळी दिसली का तुम्हाला?"

"नळी न्हाई दिसली. नुसतं छत निळं."

"मग झालं. नळी दिसायला लागली तर मला सांगा."

इतकी चांगली तपासणी मला कुठल्या इन्स्पेक्टरने करून दिली नसती. वेल्डिंगनंतर डोळे लगेच दुखत नाहीत, काही तासांनी दुखतात, हे त्याला अनुभवाने माहीत होतं. यूव्हीचंही तसंच, म्हणून 'मला तर काही झालं नाही' या वाक्याला दुपारी चार वाजता काही अर्थ नसतो.

जूनमध्ये पाऊस लागला आणि नवीनच गोष्ट पुढे आली. हवेत दमटपणा साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेला की या किरणांचा जंतूंवरचा जोर कमी होतो. कोल्हापूरचा जुलै म्हणजे भिंतीला बुरशी, चपलांना बुरशी. खिडकी उघडी ठेवली तर माझा हायग्रोमीटर ऐंशीच्या खाली येत नाही. मग वर्षाचे दोन हिशेब केले. उन्हाळ्यात आणि थंडीत खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, दिवा जोडीला. पावसाळ्यात खिडकी थोडीशीच, एसी ड्राय मोडवर, दमटपणा साठच्या आसपास आणायचा आणि भार दिव्यावर टाकायचा. ज्या एसीवर मी वर तोंडसुख घेतलं तोच पावसाळ्यात उपयोगी पडतो.

कार्बन डायऑक्साइडचं छोटं यंत्रही घेतलं होतं. बाहेर साधारण 420 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) असतं. खिडकी बंद ठेवून वेटिंग भरली की आमच्याकडे पंधराशेच्या वर जायचं. दिवा लावल्यावर तो आकडा तसूभरही हलत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. यूव्ही जंतू मारतो, श्वास ताजा करत नाही. काही पेशंटना वाटतं, दिव्यामुळे हवा हलकी झाली. ती एक्झॉस्टमुळे झाली.

निगा फार नाही. महिन्यातून एकदा दिवा बंद करून, नळी गार झाल्यावर, स्पिरिटच्या फडक्याने पुसायची, उघडी बोटं लावायची नाहीत. धुळीचा थर बसला की अर्धा दिवा वाया. आमच्या मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "मी करतो की, त्यात काय?" आणि खरंच स्टुलावर चढून, आधी भिंतीवरचं बटण बंद करून, मग झाकण उघडतात, लिमिट स्विचवर विसंबत नाहीत. नळी बदलायचं म्हणाल तर कंपनीचा माणूस दरवर्षी बदला म्हणतो. हा वर्षाचा हिशेब साधारण नऊ हजार तासांचा, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या वॉर्डाचा. माझा दिवा दिवसाला नऊ तास चालतो, त्या हिशेबाने तीन वर्षं जायला हवीत. मी कॅलेंडर बघत नाही, मित्राचं मीटर बघते. नळी निळी चमकत राहते आणि आतून तिचा 254 उतरत जातो, त्यामुळे डोळ्यावर सोडायचं काम नाही. जुनी नळी कचऱ्याच्या गाडीत टाकायची नाही, तिच्यात पारा असतो.

नवीन पास झालेली पोरं 222 नॅनोमीटरच्या दिव्याबद्दल विचारतात. तो क्रिप्टन क्लोराइडचा, त्वचेच्या मेलेल्या थरापलीकडे आणि डोळ्यांवरच्या पाण्यापलीकडे फारसा जात नाही, म्हणून माणसांवर सरळ पडू देता येतो असं मांडलं जातं. चांगला आहे, पण महाग आहे, त्याला फिल्टर नीट लागतो आणि थोडा ओझोन होतो. माझ्या उंच छताला जुनी पाऱ्याची नळी पुरते.

परवा गडहिंग्लजच्या एका मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर क्लिनिकचा व्हिडिओ पाठवला, कुठलं फिक्श्चर घेऊ म्हणून. पोटमाळ्याखालची खोली, छत सव्वासात फूट. त्याला म्हटलं, तुझ्याकडे हे बसतच नाही. फिक्श्चर लावलंस तर उंच पेशंट उभा राहिला की डोकं किरणांत. त्यापेक्षा हेपा फिल्टरचं (अगदी बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचं) मशीन घे, खोलीची हवा तासाला किमान सहा वेळा फिरवणारं, आणि एक्झॉस्ट बसव. सहाच्या वेगाने 99 टक्के कण जायला 46 मिनिटं लागतात, बाराच्या वेगाने 23, त्यामुळे दोन मशीन घेतलीस तर स्केलिंगचे पेशंट कमी अंतराने लावता येतील. तो जरा हिरमुसला, त्याला निळा उजेड हवा होता. मग म्हणाला, मागच्या भिंतीला जुन्या गीझरच्या पाइपचं भोक आहे, तेच मोठं करून एक्झॉस्ट बसतोय का बघतो.